किडनीचा डॉक्टर नेमका कशासाठी असतो? मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

आईचं डायलिसिस सुरू होऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या नात्यागोत्यात कुणाचंही क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, जो किडनीने बाहेर टाकायचा असतो) वाढलं की पहिला फोन मला येतो. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करतो, पण आठवड्यातून तीनदा डायलिसिस सेंटरबाहेरच्या बाकड्यावर चार चार तास बसून आणि आमच्या डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून जे कळलं ते एकदाच इथे लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल. तुमच्या औषधांचं काय करायचं ते तुमच्याच डॉक्टरांना विचारा, माझं वाचून गोळी चालू किंवा बंद करू नका.

नेफ्रॉलॉजिस्ट आणि युरॉलॉजिस्ट एकच ना?

नाही, आणि हा घोळ आम्हीपण घातला होता, आईला आधी युरॉलॉजिस्टकडेच नेलं होतं, त्यांनी सोनोग्राफी बघून सांगितलं की हे माझं काम नाही. युरॉलॉजिस्ट म्हणजे सर्जन. मुतखडा, प्रोस्टेट, लघवीच्या वाटेत अडथळा, गाठ, असं जे कापून किंवा दुर्बिणीने सोडवायचं ते त्यांचं. नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे फिजिशियन, ते ऑपरेशन करत नाहीत, किडनीचं काम का बिघडलं ते शोधून औषधांवर सांभाळतात. शिक्षणही वेगळं, एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमडी मेडिसिन आणि त्यावर आणखी तीन वर्षं डीएम नेफ्रॉलॉजी (किंवा त्याच तोडीचं डीआरएनबी). युरॉलॉजीवाले एमएस करून एमसीएच करतात. माझा मामा शेतकरी आहे, त्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, म्हणजे पाट तुंबला की युरो आणि विहिरीचं पाणीच बिघडलं की नेफ्रो. मी तेव्हापासून असंच सांगतो. ट्रान्सप्लांटला मात्र दोघंही लागतात.

पण नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे शेवटी डायलिसिसचाच डॉक्टर ना?

याच समजुतीपायी आमची तीन वर्षं गेली. "किडनीच्या डॉक्टरकडे गेलं की मशीनवर टाकतात" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की मोजदाद नाही. खरं तर त्यांचं मोठं काम मशीनच्या आधीचं असतं, किडनी जेवढी उरलीय तेवढी जास्तीत जास्त वर्षं टिकवायची.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं जवळपास सगळं परत रक्तात घेऊन लिटर-दोन लिटरच लघवी बाहेर टाकतात. ह्या गाळणीबरोबर बीपी, रक्तातलं पोटॅशियम, आम्ल, हाडांसाठीचं व्हिटॅमिन डी, हिमोग्लोबिन तयार करायला लावणारं हार्मोन, हे सगळं किडनीच बघते. त्यामुळे नेफ्रॉलॉजिस्टची एक व्हिजिट म्हणजे बीपी किती, लघवीतून प्रोटीन किती जातंय, हिमोग्लोबिन का उतरलं, पायावर सूज आहे का, बाकीच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांपैकी कुठली बंद करायची आणि कुठलीचा डोस निम्मा करायचा, हे सगळं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल ह्या बीपीच्या गोळ्या लघवीतलं प्रोटीनही कमी करतात म्हणून देतात. डापाग्लिफ्लोझिन मुळात शुगरची गोळी, पण २०२० मध्ये मोठ्या अभ्यासात दिसलं की शुगर नसलेल्यांचीही किडनी बिघडण्याचा वेग तिने कमी होतो, आणि त्याच वर्षी भारतात तिचं पेटंट संपल्यामुळे ती बरीच स्वस्त झाली. आईच्या वेळी ती सोय नव्हती, असती तर, असो.

क्रिएटिनिन १.४ आलंय, लॅबच्या कागदावर जेमतेम वर आहे. टेन्शन घ्यायचं का?

कुणाचं १.४ ते आधी सांगा. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं, म्हणून पंचविशीतल्या मुलाचं १.४ आणि पासष्टीच्या बाईचं १.४ ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यासाठी ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळतेय त्याचा अंदाजे आकडा, काढतात, त्यात वय आणि बाई-पुरुष धरलेलं असतं. सध्या वापरतात त्या सूत्राने पंचविशीतल्या मुलाचा येतो ७२ च्या आसपास, आणि ६५ वर्षांच्या बाईचा येतो ४२.

ती ६५ वर्षांची बाई म्हणजे माझी आई. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधी केलेल्या तपासण्यांत तिचं क्रिएटिनिन १.४ होतं, कागदावर समोर छोटा एच छापलेला, आणि ज्यांनी बघितलं ते म्हणाले, "थोडंसंच वर आहे, पाणी जास्त प्या." आम्ही पाणी जास्त पाजलं. ईजीएफआर त्या रिपोर्टवर छापलाच नव्हता, आता बऱ्याच लॅब छापतात. तो कागद अजून फाइलमध्ये आहे, मीच नंतर एका रात्री मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडून आकडे टाकले तेव्हा ४२ दिसलं, म्हणजे स्टेज तीन बी, म्हणजे किडनीचं काम निम्म्याच्या खाली. तीन वर्षांनी क्रिएटिनिन ६.८ झालं तेव्हा आम्हाला नेफ्रॉलॉजिस्ट हा शब्द कळला.

स्टेज अशा: ९० च्या वर एक, ६० ते ८९ दोन, ४५ ते ५९ तीन ए, ३० ते ४४ तीन बी, १५ ते २९ चार, १५ च्या खाली पाच. पहिल्या दोन स्टेजमध्ये लघवीत प्रोटीन किंवा सोनोग्राफीत काही बिघाड असेल तरच आजार म्हणतात. आणि एका रिपोर्टवर लगेच शिक्का मारत नाहीत, तीन महिने तसंच राहिलं तर क्रॉनिक. उलटी-जुलाब झाले असतील तर क्रिएटिनिन तात्पुरतंही वाढतं.

लघवी तर भरपूर होतेय, मग किडनी खराब कशी असेल?

लघवी किती होते ह्यापेक्षा तिच्यातून काय बाहेर पडतंय ते महत्त्वाचं. नुसतं पाणी बाहेर पडतंय आणि घाण आतच राहतेय असं वर्षानुवर्षं चालू शकतं. उलट रात्री तीन-चारदा उठावं लागणं हेच कधीकधी लक्षण असतं. लघवीला साबणासारखा फेस येऊन तो राहत असेल, सकाळी डोळ्यांखाली किंवा संध्याकाळी मोज्याच्या जागी सूज येत असेल तर तपासा. खाज, मळमळ, जेवणावरची वासना उडणं हे फार उशिरा येतं. बरेचदा काहीच येत नाही.

मग जायचं कधी?

ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर विचारायचंच नाही, जायचं. लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रोटीन (यूएसीआर नावाची टेस्ट, साधा लघवीचा नमुना लागतो) ३०० च्या वर असेल, लघवीत रक्त असेल आणि खडा सापडत नसेल, तीन-चार गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात नसेल, वर्षाला ईजीएफआर पाचपेक्षा जास्त घसरत असेल, तरुणपणीच बीपी लागलं असेल, तर जायचं. घरात पॉलिसिस्टिक किडनी म्हणजे किडनीत पाण्याचे फुगे असलेला आजार असेल तरीही, कारण नेहमी आढळणाऱ्या प्रकारात आईबापांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलाला तो यायची शक्यता निम्मी असते. माझं वैयक्तिक मत विचाराल तर ४५ च्या खाली आलं की एकदा तोंड दाखवून यावं, पुढचं फॅमिली डॉक्टर बघतील. शुगर-बीपीवाल्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि यूएसीआर दोन्ही करावं. लोक क्रिएटिनिन करतात आणि लघवीची टेस्ट सोडून देतात, आणि शुगरवाल्यांच्यात बिघाड बहुतेक वेळा आधी लघवीतच दिसतो.

बाबांची शुगर आपोआप कमी यायला लागलीय, इन्सुलिनही कमी केलं. डायबेटिस बरा होतोय का?

हा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो. इन्सुलिन शरीराबाहेर टाकायचं बरंचसं काम किडनी करते, किडनी दमली की तेच इन्सुलिन जास्त वेळ रक्तात राहतं आणि शुगर उतरते. जुना डायबेटिस, खाणं-पिणं तेच, आणि शुगर अचानक "छान" येतेय तर पेढे वाटायच्या आधी क्रिएटिनिन करा. मेटफॉर्मिनसुद्धा ईजीएफआर ३० च्या खाली गेला की बंद करतात.

किडनीला कुठल्या गोळ्यांचा त्रास होतो?

पहिला नंबर पेनकिलर. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक, निमसुलाइड. निरोगी माणसाने दोन दिवस घेतल्या तर सहसा काही होत नाही पण आधीच ईजीएफआर कमी, त्यात बीपीची गोळी, त्यात लघवी होण्याची गोळी आणि वर पेनकिलर, हे तीन एकत्र आले की किडनी बसते. आईच्या गुडघ्यासाठी मेडिकलमधून पट्टीच्या पट्टी आणून देणारा मीच. चिठ्ठी कुणी मागितली नाही आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

नंतर येतात कुठलं लेबल नसलेल्या पुड्या आणि भस्मं. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, पण डबीत काय आहे तेच लिहिलेलं नसेल तर ते शिसं आहे की पारा हे तुम्हाला कळणार कसं. गोरं करणाऱ्या काही बेनामी क्रीममध्येही पारा असतो, २०२३ मध्ये केरळमधल्या डॉक्टरांनी अशा क्रीममुळे लघवीतून प्रोटीन जाणारे पेशंट सापडल्याचं सांगितलं होतं. आणि व्हॉट्सॲपवर फिरणारा "क्रिएटिनिन उतरवणारा काढा" कृपया मला पाठवू नका. नेफ्रॉलॉजिस्टला हे सगळं खरं सांगा, ते ओरडतील फार तर.

बीपीची गोळी सुरू केली आणि क्रिएटिनिन वाढलं! बंद करू?

स्वतःहून नको. टेल्मिसार्टन, रामिप्रिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वर जाणं अपेक्षित असतं, गाळणीवरचं प्रेशर कमी होतं म्हणून. ३० टक्क्यांपर्यंत वाढ डॉक्टर सहसा चालवून घेतात, त्यापुढे गेली किंवा पोटॅशियम चढलं तर बघतात. म्हणून तर दोन-चार आठवड्यांनी परत रक्त तपासायला सांगतात. ती तपासणी चुकवू नका.

एकदा डायलिसिस लागलं की कायमचंच ना?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किडनी वर्षानुवर्षं हळूहळू गेली असेल तर बहुतेक वेळा हो, कायमचं, किंवा ट्रान्सप्लांट होईपर्यंत. पण अचानक बसलेली किडनी परत उठू शकते. पावसाळ्यात मुंबईत साचलेल्या पाण्यातून चालून लेप्टो झालेले, घोणस चावलेले, जुलाबांनी सुकून गेलेले, असे पेशंट आमच्या सेंटरला येतात, काही दिवस किंवा काही आठवडे डायलिसिस होतं आणि ते चालत घरी जातात. कोकणातला एक मुलगा होता, भातलावणीत घोणस चावलेली, दोन आठवडे लघवीचा थेंब नव्हता. ज्या दिवशी कपभर झाली त्या दिवशी त्याच्या आईने सगळ्या वॉर्डाला सांगितलं. अशा पेशंटला "एकदा सुरू केलं की सुटत नाही" म्हणून डायलिसिस नाकारणारे नातेवाईकही मी बघितलेत.

सेंटरमध्ये तर टेक्निशियनच सगळं करतात, नेफ्रॉलॉजिस्ट दिसतच नाहीत. मग ते करतात काय?

मशीन टेक्निशियन लावतात, सुया टेक्निशियन घालतात, आणि चांगला टेक्निशियन मिळणं हे नशीब आहे हे मी शपथेवर सांगतो. पण किती तास, किती पाणी काढायचं, रक्त पातळ ठेवायचं हेपरिन किती, कुठला फिल्टर, हे नेफ्रॉलॉजिस्ट ठरवतात. त्यातलं सगळ्यात नाजूक म्हणजे ड्राय वेट, अंगात जास्तीचं पाणी नसताना पेशंटचं जे वजन असेल ते. आईचं ५१ किलो आहे. ती ५३ वर येते, दोन किलो काढतात. मध्यंतरी तिची भूक सुधारली, अंगावर मांस आलं, पण कागदावर ड्राय वेट जुनंच, ४९. मग दर वेळी शेवटच्या तासाला पायात गोळे आणि बीपी खाली. सगळे म्हणत होते वयामुळे. डॉक्टरांनी राउंडला येऊन पाय दाबून बघितले, मानेची शीर बघितली आणि ५१ लिहिलं. गोळे थांबले. चपला काढून, त्याच काट्यावर, त्याच प्रकारच्या कपड्यांत वजन करा हे ते का सांगतात ते तेव्हा कळलं.

शिवाय दर महिन्याच्या तपासण्या, हिमोग्लोबिनची इंजेक्शनं, फॉस्फरस उतरवायच्या गोळ्या (ह्या जेवणाबरोबरच घ्यायच्या, नंतर घेऊन उपयोग नाही), हिपॅटायटिस बीची लस, आणि पाण्याची गुणवत्ता. एका चार तासांच्या डायलिसिसला जवळपास १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं.

फिस्टुला आधीच का करून ठेवायला सांगतात? अजून तर डायलिसिस लागलेलं नाही.

हातातली धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करतात, ती शीर जाड व्हायला निदान सहा-आठ आठवडे लागतात, कधी जास्त. वेळेवर केला नाही की आमच्यासारखं होतं, रात्री दीड वाजता दम लागलेला आणि मानेत कॅथेटर. मानेच्या नळीला जंतुसंसर्गाचा धोका फिस्टुलापेक्षा बराच जास्त असतो. आईला दोनदा थंडी भरून ताप आला त्याने.

करायचा असेल तर ज्या हाताने तुम्ही लिहीत नाही त्या हाताच्या शिरा जपा, तिथून रक्त काढू देऊ नका. फिस्टुला झाल्यावर त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सलाइन नाही, घट्ट बांगड्या नाहीत, त्या कुशीवर झोप नाही. आणि रोज हात लावून थरथर लागते का ते बघायचं, मांजर गुरगुरतं तशी. आई झोपताना मनगट कानाशी धरते. "चालू आहे गं बाई," असं स्वतःशीच म्हणते आणि मग दिवा बंद करते. थरथर थांबली तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा.

घरी करायचं डायलिसिस असतं म्हणे?

असतं, पोटातलं. पोटात एक मऊ नळी कायमची बसवतात, तिच्यातून साधारण दोन लिटरची पिशवी आत सोडायची, काही तासांनी काढायची, असं दिवसातून तीन-चारदा. सेंटर लांब असलेल्यांना, लहान मुलांना, हार्ट कमजोर असलेल्यांना बरं पडतं. हात स्वच्छ ठेवायची शिस्त मात्र पाहिजे. आपल्याकडे ह्याबद्दल फार कमी सांगतात, तुम्हीच विचारा.

खायचं काय? शहाळं चालतं का?

शहाळं हा आजाऱ्याला भेटायला जातानाचा आपला ठरलेला खाऊ, आणि डायलिसिसच्या पेशंटला तोच सगळ्यात वाईट. पोटॅशियम खच्चून असतं, आणि पोटॅशियम चढलं तर हृदय थांबू शकतं. केळी, खजूर, सुका मेवा, बटाटा जपून. बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं की बरंच निघतं. कमरख (स्टार फ्रूट) अजिबात नाही, त्यातलं विष किडनी गेलेल्या माणसाच्या मेंदूवर जातं. मीठ कमी, पण "लो सोडियम" मीठ आणून शहाणपणा करू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. हा घोळ आमच्या वहिनींनी प्रेमाने घातला होता.

पण किडनी थोडीशी बिघडली म्हणून सगळंच बंद करणंही चूक. स्टेज तीनला पोटॅशियम नॉर्मल असलेल्या माणसाची फळं तोडायची गरज सहसा नसते. आणि प्रोटीनचं तर उलटंच, डायलिसिसच्या आधी थोडं कमी, सुरू झाल्यावर जास्त, कारण मशीनमध्ये काही वाया जातं. आईला डॉक्टर अंड्याचं पांढरं खा म्हणतात, ती माळकरी आहे, मग डाळ-पनीरवर तडजोड झाली.

ट्रान्सप्लांटसाठी किडनी कोण देऊ शकतं?

१९९४ च्या कायद्यानुसार जवळचे नातेवाईक: आई-वडील, भावंडं, मुलं, नवरा-बायको, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडंसुद्धा. बाकी कुणाला द्यायची असेल तर समितीपुढे जावं लागतं. पैशाचा व्यवहार म्हणजे गुन्हा. घरात जुळत नसेल तर दोन कुटुंबांनी आपापसात अदलाबदल करायचीही सोय आहे. नाहीतर ब्रेनडेड दात्याच्या किडनीसाठी नाव नोंदवायचं, आपल्या महाराष्ट्रात त्यासाठी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे झेडटीसीसी, म्हणजे अवयव कुणाला द्यायचा ते बघणारी केंद्रं, आहेत.

ऑपरेशन सर्जन करतात पण दाता योग्य आहे का, क्रॉसमॅच (दात्याची किडनी पेशंटचं शरीर नाकारेल का ते बघणारी रक्ततपासणी), आणि नंतर शरीराने ती नाकारू नये म्हणून आयुष्यभर घ्यायच्या टॅक्रोलिमससारख्या गोळ्यांचं गणित हे नेफ्रॉलॉजिस्टचं. नवी किडनी पोटात खाली, बहुतेक उजव्या बाजूला बसवतात, जुन्या सहसा काढत नाहीत, हे ऐकून सगळे चकित होतात. आईने माझी घ्यायला साफ नकार दिला. त्यावर जास्त लिहीत नाही.

पैशाचं काय?

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आणि ट्रान्सप्लांट दोन्ही बसतं. हॉस्पिटल योजनेत आहे का ते तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिस आहे. खर्चामुळे आठवड्यातून तीनदाचं डायलिसिस दोनवर आणणारे खूप आहेत, पण आपल्या मनाने आणू नका, आधी डॉक्टरांना सांगा की परवडत नाहीये, ते काहीतरी मार्ग सुचवतात.

पहिल्या भेटीला काय न्यायचं?

जुने सगळे क्रिएटिनिन रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावून, दहा वर्षांपूर्वीचा असला तरी. त्यांना आजचा आकडा नको असतो, घसरण किती वेगाने झाली ते बघायचं असतं. सोनोग्राफी. घरचं बीपी आठवडाभर लिहिलेलं. आणि गोळ्यांची नावं सांगत बसण्यापेक्षा घरातला गोळ्यांचा डबाच उचलून न्या, काढे, पुड्या, मेडिकलमधून आणलेल्या पट्ट्यांसकट. आम्ही नेला तेव्हा डॉक्टरांनी तो टेबलावर उलटा केला, पाच पट्ट्या एका बाजूला सरकवल्या आणि विचारलं, "ह्या कोण आणतं?"